पणजीच्या खाड्यांत कयाक: मार्ग नंतर, आधी भरती

पुण्याच्या एका ताईंनी विचारलंय, ते थोडक्यात असं. दत्तजयंतीच्या सुमारास त्या पणजीत आहेत. सोबत नवरा, दहा वर्षांचा मुलगा आणि ६३ वर्षांची आई. हातात तीन दिवस: पौर्णिमा, प्रतिपदा आणि द्वितीया. फोंतेन्हास या पणजीतल्या जुन्या वस्तीच्या शेजारची खाडी, मांडवी नदी आणि तिच्यातल्या चोडण बेटाची खारफुटी कयाकमधून बघायची इच्छा आहे. गाईडबरोबरच जाणार आहेत. नवऱ्याला सोडून कोणाला पोहता येत नाही. आईचे गुडघे दुखतात. एका ठिकाणी रोज संध्याकाळी सव्वाचारला सुटणारी सूर्यास्ताची टूर मिळते आहे, ती घ्यावी का? आणि मुलगा मगरींबद्दल विचारतोय.

ताई, मी मूळचा मालवणकडचा. गेली चौदा वर्षं तिसवाडीच्या, म्हणजे पणजीच्या तालुक्यातल्या, पाण्यात लोकांना कयाकमधून फिरवतो. तुमच्या प्रश्नात पोहण्याची काळजी सगळ्यात मोठी दिसते, पण माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा शब्द 'सव्वाचार' हा आहे. तुमच्या तारखांना तीच वेळ सगळ्यात वाईट आहे. का, ते नीट सांगतो, कारण हे एकदा समजलं की मार्ग, पोहणं, आईचे गुडघे हे बाकीचे प्रश्न बरेचसे आपोआप सुटतात.

पणजीला नदीकाठचं शहर म्हणतात, पण इथलं पाणी नदीसारखं एकाच दिशेने वाहत नाही. मांडवीत समुद्राची भरती आत जवळजवळ पन्नास किलोमीटर, गांजेपर्यंत जाणवते. शहराच्या पोटातल्या दोन वाटा, फोंतेन्हास आणि पाटो यांच्यामधली ओरें खाडी आणि पश्चिमेकडचा सांत इनेजचा ओढा, दोन्ही याच भरतीवर श्वास घेतात. उधाणाच्या दिवसांत, म्हणजे अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास, भरती आणि ओहोटीच्या पातळीत सुमारे दोन मीटरचा फरक पडतो. दोन मीटर म्हणजे तुमच्या घराच्या दरवाजाची उंची. भरतीला जिथे तुमची कयाक आरामात तरंगते, तिथे सहा तासांनी निव्वळ चिखल असतो आणि त्यावर निवटे उड्या मारत असतात. नकाशावर खाडीची निळी रेघ कायम सारखीच दिसते. प्रत्यक्षात ती रेघ दिवसातून दोनदा पुसली जाते आणि दोनदा काढली जाते.

आता वेळ कशी काढायची? माझे आजोबा रापणीचे, म्हणजे किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढणारे मच्छीमार. घड्याळ नव्हतं त्यांच्याकडे, पण तिथी तोंडपाठ असायची. किनाऱ्यावरचा जुना हिशोब असा की तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीचा तास मिळतो. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ, पौर्णिमेला सव्वाअकरा. शुक्ल पक्षात तसंच वद्य पक्षातही, आणि सकाळी तसंच संध्याकाळी. दोन भरत्यांमध्ये साधारण बारा तास पंचवीस मिनिटं जातात, म्हणून रोज भरती पन्नासेक मिनिटं उशिरा येते. हा हिशोब मुंबईच्या बाजूला चांगला जुळतो. भरती आपल्या किनाऱ्याने दक्षिणेकडून उत्तरेकडे येते, त्यामुळे गोव्यात ती मुंबईच्या आधी पोहोचते, आणि मग मांडवीतून वर चढायला तिला पुन्हा थोडा वेळ लागतो. तेव्हा पाऊणपटीवर अर्धा-पाऊण तासाची सूट ठेवा, आणि निघायच्या आदल्या दिवशी मुरगाव बंदराचं भरतीचं कोष्टक बघा. मी अजूनही आधी बोटांवर मोजतो आणि मग कोष्टक उघडतो. दोन्ही जुळलं की बरं वाटतं.

तुमच्या पौर्णिमेला पूर्ण भरती सकाळी अकराच्या आसपास येईल. म्हणजे पूर्ण ओहोटी संध्याकाळी पाच-सव्वापाचला. सव्वाचारची टूर घेतलीत तर तुम्ही पाण्यात उतराल ते ओहोटीच्या शेवटच्या तासात. खारफुटीतल्या अरुंद वाटांत तेव्हा शिरता येणार नाही, कारण तिथे पाणीच नसेल. ओरें खाडीच्या दोन्ही बाजूंना काळा चिखल उघडा पडलेला असेल आणि त्याचा वासही येईल. पायऱ्यांचा शेवाळलेला खालचा भाग उघडा असेल आणि आईंना तिथूनच उतरावं लागेल. शिवाय दुपारभर समुद्राकडून पश्चिमेचा वारा आत येत असतो आणि ओहोटीचं पाणी त्याच्या समोरून, पश्चिमेकडेच जात असतं. वारा आणि पाणी एकमेकांच्या समोर आले की लाटा आखूड आणि उभ्या होतात. उंचीला त्या फार नसतात, पण नवख्या माणसाच्या मांडीवर पाणी येतं, तो घाबरतो, कडक होतो आणि तोल जातो.

सूर्यास्ताची टूर वाईटच असते असं मात्र समजू नका. हीच टूर तुम्ही अष्टमी-नवमीला घेतली असती तर मी आनंदाने हो म्हटलं असतं. तेव्हा भरती संध्याकाळी पाच-साडेपाचच्या आसपास भरते, भांगाचं, म्हणजे उधाणाच्या उलट कमी चढ-उताराचं पाणी असल्यामुळे ओढही कमी असते, वारा पडत आलेला असतो आणि खाडी काठोकाठ भरलेली असते. त्या संध्याकाळी ओरें खाडीत फोंतेन्हासच्या पिवळ्या-निळ्या भिंतींचं प्रतिबिंब हलतं तेव्हा मी स्वतःही वल्हं थांबवतो. म्हणजे वेळ तीच, जागा तीच, गाईडही तोच असू शकतो. तिथी बदलली की अनुभव बदलतो.

म्हणून टूर निवडताना माझी पहिली कसोटी अगदी साधी आहे. ज्यांची सुटायची वेळ वर्षभर रोज एकच असते, त्यांनी ती पाण्याकडे बघून ठरवलेली नाही. फोन केल्यावर त्यांना विचारा, "पौर्णिमेच्या दिवशी किती वाजता निघू?" समोरचा माणूस क्षणभर थांबला, तारीख विचारली आणि म्हणाला "त्या दिवशी सकाळी लवकर या, दुसऱ्या दिवशी अर्धा-पाऊण तास उशिरा चालेल", तर बाकी चौकशी पुढे चालू ठेवा. "आमची बॅच सव्वाचारलाच असते" असं उत्तर आलं तर आभार मानून फोन ठेवा.

हे मी इतकं ठामपणे सांगतोय त्यामागे माझीच एक चूक आहे. पहिल्या वर्षी मी दुसऱ्यांकडे कामाला होतो. ठरलेल्या वेळेला आठ जणांचं एक कुटुंब घेऊन उधाणाच्या ओहोटीत, वाऱ्याच्या दिवशी निघालो. वाऱ्याची लाट चालू झाल्यावर मी सगळ्यांना आडोशाला म्हणून एका चिंचोळ्या वाटेत वळवलं. आत जाईपर्यंत ठीक होतं. वीस मिनिटांत पाणी इतकं उतरलं की मागच्या दोन कयाक चिखलावर बसल्या. त्यातला एक तरुण कयाक ढकलायला म्हणून उतरला आणि मांडीपर्यंत रुतला. त्याला बाहेर काढायला पाऊण तास गेला आणि अंधारात परतलो. कोणाला दुखापत झाली नाही, पण त्याच्या आईचा चेहरा मी विसरलेलो नाही. वेळ ठरवणं माझ्या हातात नव्हतं, पण नाही म्हणणं माझ्या हातात होतं, आणि मी ते म्हटलं नाही. तेव्हापासून वेळ पाणी ठरवतं.

आता पोहण्याचं. माझ्याबरोबर येणाऱ्यांपैकी निम्म्याहून जास्त लोकांना पोहता येत नाही. शांत पाण्यात, अंगावर बसणारं लाइफ जॅकेट घालून, गाईडच्या हाकेच्या अंतरात राहिलात तर पोहता न येणं ही अडचण नाही. यातले तिन्ही शब्द मात्र मोजून घ्या: शांत पाणी, अंगावर बसणारं, हाकेच्या अंतरात. जॅकेट अंगात घालून सगळे पट्टे आवळा आणि कोणाला तरी खांद्यावरच्या पट्ट्यांना धरून वर खेचायला सांगा. जॅकेट कानापर्यंत सरकलं तर ते पाण्यातही तसंच सरकेल आणि माणूस त्यातून खाली जाईल. मुलासाठी हे सगळ्यात महत्त्वाचं. मोठ्यांचं जॅकेट पट्टे आवळून लहानाला चालत नाही, मुलाच्या वजनाचं वेगळं लागतं आणि त्याला मांड्यांमधून जाणारा पट्टा हवा. हे जॅकेट त्यांच्याकडे आहे का, हे फोनवरच विचारा. धक्क्यावर पोहोचल्यावर नाही म्हणायला मन होत नाही.

दुसरं, पाण्याची भीती आणि पाण्यात पडण्याची भीती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पडल्यावर काय होतं हे माहीत नसल्याने भीती वाढते. म्हणून मी पहिल्या दहा मिनिटांत, कंबरभर पाण्यात, ज्याची तयारी असेल त्याला मुद्दाम पाडतो. जॅकेट वर आणतं, कयाक शेजारीच तरंगत असते, तिला धरायचं, पाय वर घ्यायचे, गाईड येईपर्यंत सोडायचं नाही. एवढंच. एकदा अंग भिजलं की माणसाचे खांदे सैल होतात, आणि सैल माणूस क्वचितच पडतो. खारफुटीत पडलात तर मात्र एक नियम लक्षात ठेवा, उभं राहायचा प्रयत्न करू नका. तळाशी चिखल आहे, पाय रुततो, आणि तिवराच्या वर आलेल्या मुळ्यांवर आणि दगडांवर कालवं चिकटलेली असतात, ती ब्लेडसारखी कापतात. आडवं तरंगा आणि कयाकला धरून राहा.

कयाक कोणती, हेही विचारा. नवख्यांसाठी वरून उघडी, जिच्यावर बसायचं असते ती. आत पाय घालून बसायची नको. उलटली तर वरच्या कयाकमधून माणूस सहज सुटतो, आणि आलेलं पाणी तळातल्या भोकांतून आपोआप निघून जातं. दोघांची कयाक घ्या. मुलगा तुमच्या पुढे आणि तुम्ही मागे, किंवा मधली जागा असेल तर मुलगा मध्ये. आई पुढे आणि तुमचे यजमान मागे, कारण पोहता येणारा एकमेव माणूस आईबरोबर असावा आणि वजनदार, दिशा देणारा माणूस मागेच बसतो. तुमच्या कयाकजवळ गाईडने राहावं, हे त्यांना आधीच सांगा. नवरा-बायकोने एकाच कयाकमध्ये बसायचा हट्ट या वेळी सोडा.

आईंच्या गुडघ्यांबद्दल. वल्हवताना गुडघ्यांवर ताण येत नाही. पाय पुढे थोडे वाकवून टेकवायचे असतात, आणि जोर हातापेक्षा कंबर फिरवून द्यायचा असतो. त्यांना हातांनी दमायला झालं तर त्यांनी वल्हं मांडीवर ठेवून नुसतं बघत बसावं, मागचा माणूस एकटा कयाक नेऊ शकतो. गुडघ्यांची खरी परीक्षा धक्क्यावर होते. कयाकमध्ये बसणं म्हणजे जमिनीपासून वीतभर उंचीच्या, हलणाऱ्या पाटावर बसणं, आणि उठणं त्याहून अवघड. माझ्याबरोबर आलेल्या एका आजींनी दोन तास सुंदर वल्हवलं आणि परत आल्यावर शेवटच्या पायरीवर घसरल्या, मनगट मुरगळलं. ओहोटीला परत आलो होतो आणि पायऱ्यांचा जो भाग एरवी पाण्याखाली असतो तो वर आला होता. त्यानंतर गुडघ्यांचा त्रास असलेल्यांना मी भरतीच्या तासाभराच्या आतच काठावर आणतो, आणि शक्य असेल तिथे पायऱ्या टाळून उताराच्या वाळूवर किंवा रॅम्पवर उतरवतो. घोटाभर पाण्यात कयाक स्थिर धरायची, आईंनी आधी तिच्या बाजूला पाठ करून मधोमध बसायचं, मग एकेक पाय आत घ्यायचा. उतरताना याच्या उलट. घरी एकदा करून बघा. साध्या पाटावर बसून, एका माणसाचा हात धरून आईंना उठता येतंय का? येत असेल तर चला. येत नसेल तर त्यांना कयाकमध्ये बसवू नका, त्यांच्यासाठी दुसरी सोय पुढे सांगतो.

मार्गाचं आता. तुमच्यासाठी मी दोन सकाळी वेगवेगळ्या ठेवेन.

पहिली, पौर्णिमेची, चोडणसाठी. मांडवीच्या मुख्य पात्रातून कयाकने पलीकडे जाऊ नका. रायबंदरच्या धक्क्यावरून फेरीबोटीने चोडणला जा आणि तिथल्या बाजूने पाण्यात उतरणारी टूर शोधा. काही मिनिटांच्या त्या फेरीमुळे तुमचा सगळ्यात मोठा धोका टळतो, कारण मुख्य पात्रात फेरीबोटी आहेत, बार्ज आहेत, आणि उधाणाच्या वेळी पाण्याला ताशी तीन किलोमीटरच्या आसपास ओढ असते. नवखी जोडी ताशी तीन-चार किलोमीटरनेच वल्हवते. हिशोब तुम्हीच करा. चोडणच्या पश्चिम टोकाला सालीम अली पक्षी अभयारण्य आहे, १९८८ मध्ये जाहीर झालेलं, क्षेत्रफळ अवघं पावणेदोन चौरस किलोमीटर, जवळजवळ सगळी खारफुटी. अभयारण्याच्या आत शिरायला वनखात्याची परवानगी लागते, ती टूरवाल्याने घेतली आहे का हे विचारा. आठ वाजता पाण्यात उतरलात तर चढतं पाणी तुम्हाला स्वतःच आत नेईल. नऊ-साडेनऊला आतल्या वाटा भरलेल्या असतील, आणि दहा-साडेदहाला, म्हणजे पूर्ण भरतीच्या जरा आधी, ओढ मंदावलेली असताना तुम्ही काठावर असाल. समुद्रावरचा वारा साधारण त्यानंतरच उठतो.

आत गेल्यावर बोलणं कमी करा, मुलालाही आधी सांगून ठेवा. खारफुटीत बघण्यापेक्षा ऐकण्यासारखं जास्त असतं. शिंपल्यांचे टकटक आवाज, कुर्ल्यांची सरसर, खंड्याची किंचाळी. तिवराच्या पेन्सिलींसारख्या मुळ्या चिखलातून वर का येतात हे मुलाला नक्की दाखवा: खालच्या चिखलात हवा नसते, म्हणून झाड मुळ्या वर काढून श्वास घेतं. कांदळाच्या कमानीसारख्या मुळ्या वेगळ्या, त्या झाडाला पाण्याच्या ओढीत उभं धरतात. नशीब असेल तर पाणमांजरं दिसतात. डिसेंबरात बाहेरून आलेले तुतवार चिखलाच्या कडेने पळत असतात. वाटेत खुंट रोवून लावलेली जाळी दिसतील, त्यांना हात लावू नका, ती कोणाची तरी त्या दिवसाची भाकरी आहे. आणि बांधात बसवलेली लाकडी दारं, ज्यांना इकडे मानस म्हणतात, त्यांच्यापासून लांब राहा. खाजन शेतातलं, म्हणजे खाडीचं खारं पाणी बांधाने अडवून केलेल्या शेतातलं, पाणी ओहोटीला त्यातून जोरात बाहेर पडतं आणि भरतीला ती दारं आपोआप मिटतात. शेकडो वर्षं पाण्याच्याच दाबावर उघडझाप करणारी ही व्यवस्था बघायला माझ्या मते अभयारण्याइतकीच माणसं यायला हवीत, पण लांबून.

दुसरी सकाळ प्रतिपदेची, शहरासाठी. भरती पाऊण तासाने उशिरा, म्हणून साडेआठ-पावणेनऊला उतरा. ओरें खाडी लांबीला थोडी आहे, दीड तासात आरामात होते. पश्चिमेला फोंतेन्हास आणि पूर्वेला पाटोच्या सरकारी कचेऱ्यांच्या इमारती, मध्ये खारफुटीचा पट्टा. पाण्यातून बघताना कळतं की हे शहर टेकडी आणि पाणी यांच्या मधल्या सखल पट्टीवर कसंबसं मावलेलं आहे. आधीची राजधानी जुने गोवे साथीच्या रोगांनी ओस पडत गेलं आणि १८४३ मध्ये पणजी अधिकृत राजधानी झाली, तेव्हापासून इथल्या माणसाने जमीन पाण्याकडूनच मागून घेतली आहे. पुलांखालून जाताना डोकं सांभाळा. पूर्ण उधाणाला पाणी वर आलेलं असतं, आणि खांबांवरची कालवं हाताला लागली की रक्त येतं, तिथे हाताने ढकलू नका, वल्ह्याने ढकला.

खाडीच्या तोंडाशी पोहोचल्यावर पूर्वेकडे रायबंदरचा जुना बांधरस्ता दिसतो. लिन्यारिसचा काउंट या पोर्तुगीज व्हाइसरॉयच्या काळात, १६३३-३४ मध्ये बांधलेला, सुमारे तीन किलोमीटर लांब. त्याच्या कमानींखालून आजही भरती मिठागरांकडे जाते-येते. जवळच मांडवीवरचे पूल एकापाठोपाठ. इथला आधीचा पूल १९८६ च्या जुलैत कोसळला आणि नवा होईपर्यंत अख्खं गोवं फेरीबोटींवर चाललं, हे आमच्या पिढीतले लोक अजून सांगतात. त्या तोंडापाशी थांबा, बघा आणि परत फिरा. पुढे बसस्थानकापलीकडच्या पात्रात क्रूझ बोटी आणि कॅसिनोंकडे माणसं ने-आण करणाऱ्या बोटी असतात. त्यांच्या लाटा आडव्या येतात आणि त्यांना तुम्ही खाली दिसतही नाही. जुनं सचिवालय पाण्यातून बघायची इच्छा असली तरी या वेळी ते काठावरूनच बघा. पौर्णिमा आहे म्हणून चांदण्यातली टूर कोणी सुचवेल. माझं उत्तर तुमच्या कुटुंबासाठी नाही असंच आहे.

पाण्याच्या स्वच्छतेबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण सांगणं माझं काम आहे. शहराच्या खाडीत सांडपाणी येतं. सांत इनेजच्या ओढ्यात तर मी कोणालाच नेत नाही, आणि त्याचं मला खरोखर वाईट वाटतं, कारण नीट राखला असता तर तो या शहराचा सगळ्यात सुंदर जलमार्ग झाला असता. ओरें खाडीत भरतीला पाणी बरंच ताजं असतं, तरी हाताला-पायाला उघडी जखम असेल तर झाकून घ्या, ओले हात तोंडाला लावू नका आणि परतल्यावर साबणाने धुवा. पाडण्याचा सराव खाडीत नको, चोडणच्या बाजूला करा.

द्वितीयेची सकाळ राखीव ठेवा. पहिल्या दोनपैकी एखाद्या दिवशी वारा लवकर उठला किंवा आई दमल्या, तर ती उपयोगी पडेल. त्या दिवशी भरती साडेबाराच्या पुढे जाईल, म्हणजे खाडीत पाणी भरेपर्यंत वारा उठायची वेळ होते. जमतं, पण ओढाताण होते.

थोडक्यात सांगायचं तर पौर्णिमेला सकाळी आठला चोडण, प्रतिपदेला पावणेनऊला ओरें, दोन्हीकडे भरती पूर्ण व्हायच्या आत बाहेर. संध्याकाळी नाही. बाकी परिस्थितीप्रमाणे बदलेल: पश्चिमेचा वारा सकाळीच सुरू झाला असेल, अवकाळी पाऊस असेल, तर गाईड टूर रद्द करेल, आणि रद्द करणारा गाईड चांगला. पैसे परत मिळणार का, हे आधीच विचारून ठेवा, म्हणजे त्या वेळी दोघांनाही संकोच वाटत नाही. दरांची तुलना करताना रुपयांपेक्षा एका गाईडमागे किती जण हे बघा. मी सहा जणांमागे एक गाईड ठेवतो, लहान मूल असेल तर एक गाईड जास्त. गोव्यात राष्ट्रीय जलक्रीडा संस्था आहे, तिथलं जीवरक्षक प्रशिक्षण गाईडने घेतलंय का हे विचारायला अजिबात लाजू नका. त्याच्याजवळ ओढायची दोरी, शिटी, जादा वल्हं आणि कोरड्या पिशवीत फोन आहे का ते धक्क्यावर डोळ्यांनी बघा.

सोबत काय घ्यायचं: पूर्ण बाह्यांचा पटकन वाळणारा कपडा, नाडीची टोपी, माणशी लिटरभर पाणी, आणि मागे पट्टा असलेल्या सँडल. चपला चिखलात राहतात, अनवाणी पाय कालवांनी कापतात. चश्म्याला दोरी बांधा. कपडे जीन्सचे नकोत.

आईंना पाटावरून उठता आलं नाही, तर त्यांना चोडणच्या बाजूला एखाद्या स्थानिक होडीवाल्याच्या साध्या होडीत बसवा. बसायला उंच फळी असते, गुडघे दुमडावे लागत नाहीत, आणि ती होडी तुमच्या कयाकच्या मागोमाग त्याच वाटेने येऊ शकते. माझ्याबरोबर आलेल्या कित्येक आजी-आजोबांनी असंच केलंय. होडीवाल्याशी गप्पा मारून त्यांना आमच्यापेक्षा जास्त गोष्टी कळतात.

आता मुलाचा प्रश्न. त्याला टाळाटाळ न करता खरं सांगा. मांडवी आणि झुआरी यांना जोडणाऱ्या कुंभारजुवे कालव्यात मगरी आहेत. लोक त्या बघायला मोठ्या बोटीतून जातात. तिथे मी कयाक नेत नाही आणि मुलं तर मुळीच नेत नाही. चोडणच्या आसपास मगर क्वचित दिसते, पण हे सगळं पाणी एकमेकांना जोडलेलं आहे, त्यामुळे कधीच येणार नाही असं मी त्याला सांगणार नाही. म्हणून नियम असे: हात किंवा पाय पाण्यात लोंबकळत ठेवायचे नाहीत, खाण्याचं काही पाण्यात टाकायचं नाही, उघड्या चिखलाच्या काठाला चिकटून जायचं नाही, आणि काही दिसलं तर ओरडायचं नाही, वल्हं आडवं धरून गाईडला दाखवायचं. त्याला सांगा की सगळ्यांच्या पुढे बसून काठावर नजर ठेवायचं काम त्याचं आहे. दहा वर्षांची मुलं हे काम मोठ्यांपेक्षा चोख करतात. माझ्या बहुतेक टूरमध्ये पहिलं पाणमांजर एखाद्या मुलालाच दिसलेलं आहे.